टायमिंग पुढे घेतल्याने ॲव्हरेज वाढत नाही

व्हॉट्सॲपवर फिरतंय की जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरची मॅग्नेट प्लेट (स्पार्क पाडणारे भाग जिच्यावर बसवलेले असतात ती) फिरवून टायमिंग ॲडव्हान्स करा, म्हणजे स्पार्क लवकर पाडा, पिकअपबी वाढतो न ॲव्हरेजबी. भाऊ हो, असं करू नका. पिस्टन टॉपला यायच्या किती आधी स्पार्क पडायचा ते कंपनीने डिग्रीत ठरवलेलं असतं, बऱ्याच स्कूटरला २० च्या आसपास, आणि त्याच्याहून लवकर पाडला तर वर येणाऱ्या पिस्टनलाच जळता गॅस खाली दाबतो, इंजिन ठकठक करतं, हेड तापतं. त्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन! माझ्या काकांच्या स्कूटरचा पिस्टन मी स्वतः हातात घेतलाय, मधोमध हरभऱ्याएवढं भोक, कडा वितळलेल्या.

टायमिंग मागे पडलं असेल तर कंपनीच्या खुणेवर आणल्याने फरक पडतो, ते वेगळं. पॉइंटवाली गाडी असेल (म्हणजे उघड-बंद होणाऱ्या पॉइंटवर स्पार्क पडणारी) तर आधी पॉइंट साफ करून त्यांच्यातला गॅप फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने, बघा, कारण गॅप वाढला की टायमिंग आपोआप पुढे जातं, हे खूप जणांना माहीतच नसतं. अन ॲव्हरेजच पडलं असेल तर कार्बोरेटर, एअर फिल्टर न सायलेन्सरमधला कार्बन बघा आधी, प्लेटला हात नंतर.