‘क्राउड’ बघून शाळा कशी निवडावी

शाळा बघायला जाल तेव्हा वर्ग बघत बसू नका. पार्किंग बघा. सकाळी शाळा भरायच्या वेळेला गेटसमोर उभं राहून कोणकोणत्या गाड्यांतून मुलं उतरतात ते पाहिलंत की शाळेचा दर्जा कळतो. फळा, बाई, वाचनालय यांचे फोटो ब्रोशरमध्ये असतातच. बाकीचे पालक कोण, हे मात्र छापत नाहीत, आणि तुम्हाला तर तेवढंच जाणून घ्यायचं आहे.

तोंडाने तसं विचारायचं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर ‘‘क्राउड कसा आहे?’’ एवढंच टाकायचं. ज्याला कळायचं त्याला कळतं. आपल्याकडे जात, पगार आणि पत्ता एकदम विचारायची याहून सभ्य रीत अजून निघालेली नाही.

बोर्डासाठी फार डोकं शिणवू नका. एसएससी बाद, तुम्ही स्वतः त्यातूनच शिकून इथवर आलात, हे मुलासमोर बोलू नका. सीबीएसई घेतलंत तर ‘‘पुढे जेईईचं बघायचंय’’ म्हणा. आयसीएसई घेतलंत तर ‘‘इंग्लिश पक्कं होतं.’’ आयबी घेतलंत तर काहीच म्हणू नका, फीचा आकडा ऐकून समोरचाच गप्प होतो. मुलाला अजून चपला उलट्यासुलट्या घालायची सवय आहे, ही बाब गैरलागू.

शाळा दाखवायला काउन्सेलरबाई येतील. आधी स्विमिंग पूल, मग रोबोटिक्स लॅब, मग तबेला. तबेल्यात घोडा एक, शाळेत मुलं दीड हजार. हा भागाकार तिथे करू नका. शेवटी एसी केबिनमध्ये एक फॉर्म येईल: वडिलांचं पद, आईचं पद, वार्षिक उत्पन्न. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे, पहिल्या खेपेला 25,000 रुपयांपर्यंत दंडही आहे. म्हणून तिथे मुलाखत होत नाही, ‘इंटरॅक्शन’ होतं. तुम्ही इस्त्रीचे कपडे घालून जा आणि ‘‘आम्ही घरी स्क्रीन टाइम देत नाही’’ हे वाक्य पाठ करून ठेवा. मुलाला तेवढा वेळ मोबाइल द्या, म्हणजे मध्ये बोलणार नाही.

फी वाढली की ग्रुपवर संताप व्यक्त करा. फी नियमनाचा 2011चा कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आहे, इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून सभासद निवडतात. त्या चिठ्ठीत आपलं नाव येणार नाही याची काळजी घ्या. मूल शाळेत आहे आपलं.

मराठीचा प्रश्न वेगळा. तिथे कडक राहा. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय सरकारने जून 2025 मध्ये मागे घेतले, तेव्हा तुम्ही स्टेटस ठेवलं होतंतच. तेवढी सेवा पुरे. मुलाला एकोणसत्तर म्हणजे किती हे कळत नसेल तर ‘‘अरे, सिक्स्टी नाइन’’ म्हणून मोकळे व्हा. जिल्हा परिषदेच्या शाळांचाही अभिमान बाळगा, वाबळेवाडीच्या शाळेचे व्हिडिओ आवर्जून पुढे पाठवा. खाली ‘प्रत्येक गावात अशी शाळा हवी’ असं लिहा. गावात.

आता खरी अडचण. एवढं निवडून, एवढं मोजून घेतलेल्या शाळेतही 25 टक्के जागा आरटीईच्या, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याने गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने तुमची कळकळ ओळखली होती: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. म्हणजे शहरात जवळजवळ सगळ्यांनाच. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. तेव्हा तुमच्या इमारतीत पोळ्या करणाऱ्या मावशींचा नातू तुमच्याच लेकाच्या बाकावर बसू शकतो, आणि एकोणसत्तर त्याला येत असण्याची शक्यता आहे.

घाबरू नका. वर्गात इलाज नसला तरी वाढदिवस आपल्या हातात असतो. गेम झोनवाल्याचा दर डोईमागे असतो, त्यामुळे ‘मोजकीच मुलं’ हे कारण खपतं. यादी मुलाला करू देऊ नका. तो पहिलं नाव नेमकं त्याचंच घेईल. घेतलंच तर ‘‘तो गावाला गेलाय’’ म्हणा. तो दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये आजीची पिशवी धरून उभा दिसला, तर ‘‘आला वाटतं लवकर’’ म्हणा आणि लिफ्टचं बटण दाबा. जूनमध्ये तुकड्या बदलतात. काउन्सेलरबाईंना मेल मात्र मार्चमध्येच टाका, एप्रिलपर्यंत इतर पालकांचे मेल पोहोचलेले असतात.