फिलाडेल्फियाला पाऊण तास?

आज सकाळी पुण्याहून काकांचा फोन आला. ते आणि काकू मे महिन्यात ग्रुप टूरने अमेरिकेला येतायत. टूरचा कागद त्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर पाठवला. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, नायगारा, मग विमानाने लास व्हेगास आणि पुढे कॅलिफोर्निया. फिलाडेल्फियापुढे लिहिलंय, ‘लिबर्टी बेल, फोटो स्टॉप, ४५ मिनिटे’. त्यानंतर चॉकलेटच्या दुकानाला दीड तास. व्हेगासला दोन रात्री. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

ज्या शहरात आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली, त्या शहराला पाऊण तास? १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसलेली मुलगी. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी हातात घेतली तेव्हा एकवीस पूर्णही झाली नव्हती. पदवीदान बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. मराठी माणसाच्या टूरवर, मराठी गाइड बरोबर असताना, यातलं अवाक्षर नाही.

माझ्या सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) इकडे आल्या तेव्हा मी त्यांना बसने नाही, ट्रेनने नेलं. ट्रेंटनला गाडी बदलायची की थेट फिलाडेल्फियाच्या मध्यावर. आई जन्मभर मराठी शाळेत शिकवायच्या, आनंदीबाईंचा धडा त्यांनी कितीतरी वर्गांना शिकवलेला. इंडिपेंडन्स हॉलमध्ये रुंद टोपीवाली रेंजर (तिथली सरकारी गाइड) सांगत होती की १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना, दोन्ही याच खोलीत ठरली. मी हळू आवाजात मराठीत सांगत होते. आईंनी मला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, “म्हणजे आनंदी इथे आली तेव्हा हे सगळं असंच उभं होतं?” हो आई, असंच. मग त्या काही बोलल्याच नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. हे पाऊण तासात होत नाही हो!

काका म्हणतात, “अगं, एकदाच येणार, सगळं बघून घ्यायचं.” त्यांचं बरोबर आहे, नाही असं नाही. आयुष्यभराची पुंजी, व्हिसाची धाकधूक, गुडघे, आणि बसमध्ये वरण-भाताची सोय. नायगारा तर बघावाच, त्यात वाद नाही. पण सगळं म्हणजे काय? बसच्या काचेतून दिसलेलं शहर बघितलं असं मी मानत नाही. शहर पायाला कळतं. बाकावर बसून, बाजारात हिंडून कळतं.

बाजारावरून आठवलं. त्या दिवशी दुपारी आम्ही रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये गेलो. जुन्या रेल्वे स्टेशनच्या खाली भरणारा बाजार, १८९३ पासूनचा. तिथे अमिश लोकांची, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची दुकानं आहेत. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात लांब झगा घातलेली एक अमिश बाई लोणच्याच्या बरण्या लावत होती. आईंना इंग्रजी बोलायला येत नाही. पण बरणीकडे बोट, मग मोहरीची खूण, मग नाकाला झोंबल्याची खूण, आणि ती बाई खळखळून हसली. तिने चव घ्यायला दिली. आईंनी मान डोलावली, म्हणाल्या, “मीठ कमी आहे, पण हात चांगला आहे.” टूरची बस असती तर तोवर गाइडने शिट्टी मारली असती.

राग खरं तर काकांवर नाहीच. राग इथे राहणाऱ्या आपल्या लोकांवर आहे. आईवडील येतात, त्यांना टूरच्या बसमध्ये बसवून देतात आणि म्हणतात अमेरिका दाखवली. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरवर फोटो, झालं. अरे, त्याच मॅनहॅटनमध्ये १ नंबरच्या सबवेने ११६व्या स्ट्रीटला उतरलं की कोलंबिया विद्यापीठ. १९१३ ते १९१६ बाबासाहेब तिथे शिकले. आत सोडलं नाही तर गेटबाहेर उभे राहा, पण जा! आणि ग्रँड सेंट्रलहून हडसन नदीच्या काठाकाठाने जाणारी ट्रेन साधारण दोन तासांत पोकिप्सीला पोचते. त्या छोट्या शहराच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या अस्थी आहेत. जिने तिला परक्या देशात भाचीसारखं सांभाळलं, त्या कार्पेंटरबाईंकडे त्या पाठवल्या होत्या. आईंना मी तिथेही नेलं. दगडावर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. तेव्हा काय वाटलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शिकागो तर कागदावर नाहीच! माझं दुसरं लाडकं शहर. नदीतून बोटीने फिरा, दोन्ही बाजूंच्या इमारतींची गोष्ट ऐका. १८७१ च्या आगीत जळालेलं शहर पुन्हा कसं उभं राहिलं ते कळतं. सीअर्स टॉवरचा (आता त्याला विलिस टॉवर म्हणतात) सांगाडा ढाक्याच्या फझलूर खान नावाच्या इंजिनिअरने रचला. आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत विवेकानंद १८९३ साली बोलले. आणि १ मे ला आपण महाराष्ट्र दिनाबरोबर जो कामगार दिन पाळतो, तो शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी केलेल्या संपातून आला. थंडी वाईट असते, मान्य. मग मे ते ऑक्टोबरमध्ये जा.

एवढं लिहिल्यावर जरा शांत झाले. मघाशी काकांना परत फोन केला. टूरचे पैसे भरून झालेत, ते रद्द होणार नाही. पण टूर संपल्यावर आठवडाभर ते आमच्याकडे राहणार आहेत, काकूंनीच ठरवलं. एक दिवस ट्रेनने फिलाडेल्फिया, एक दिवस पोकिप्सी. काकांना मी फक्त चालायचे बूट आणायला सांगितलेत.

तुमचे आईवडील येणार असतील तर इनबॉक्समध्ये विचारा, ट्रेन कुठे बदलायची ते सगळं लिहून देईन. फिलाडेल्फियाला रविवारी मात्र जाऊ नका, अमिश दुकानं त्या दिवशी बंद असतात.