‘हर-२’ प्रथिनाविषयी खुलासा
‘हर-२ हे प्रथिन फक्त कर्करोगाच्या पेशींवरच असते, निरोगी स्तनपेशींवर नसतेच’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. पेशीला वाढीचा संदेश पोहोचवणारे हे प्रथिन निरोगी स्तनपेशींच्या पृष्ठभागावरही अल्प प्रमाणात असते, आणि फरक असतो तो प्रमाणाचा: सुमारे १५ ते २० टक्के स्तनकर्करोगांत १७ व्या गुणसूत्रावरील त्याच्या जनुकाच्या प्रती वाढून हे प्रथिन बेसुमार तयार होते. म्हणूनच तपासणीच्या अहवालात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच न लिहिता ० ते ३+ अशी श्रेणी देतात. २+ आल्यास निकाल निश्चित नसतो, म्हणून जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करावी लागते. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले ट्रास्टुझुमॅब हे स्तनकर्करोगावरील औषध याच प्रथिनाला चिकटते, मात्र हृदयाच्या स्नायुपेशींनाही या प्रथिनाची गरज असल्याने उपचारादरम्यान हृदयाची तपासणी करत राहतात.