संशय पुरुषाच्या रक्तात नसतो

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो: पुरुषाला जोडीदाराचा शरीरसंबंध सहन होत नाही, बाईला मनाची गुंतवणूक. हे विज्ञानानं सिद्ध झालंय, म्हणून नवऱ्यानं संशय घेणं नैसर्गिक आहे आणि फोन तपासणं म्हणजे प्रेम.

'सिद्ध झालंय' म्हणजे काय, ते आधी पाहू. 1992 मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलामुलींना विचारलं, जोडीदार दुसऱ्याशी शरीरानं जवळ गेला तर जास्त लागेल, की मनानं गुंतला तर? शरीर म्हणणारे मुलगे 60 टक्के, मुली 17 टक्के. फरक खराच मोठा आहे. पण 40 टक्के मुलांना मनाचीच गुंतवणूक जास्त लागली, त्यांना पुरुषांत धरायचं नाही का? पुढे जर्मनीत हाच प्रश्न विचारला, तर बहुसंख्य पुरुषांनी मन निवडलं. शिवाय ही सगळी कल्पनेतली उत्तरं. 2002 मध्ये क्रिस्टीन हॅरिस यांनी खरोखर फसवणूक सोसलेल्यांना विचारलं, तेव्हा बायकांइतकेच पुरुषही मनाच्या फसवणुकीतच जास्त अडकलेले दिसले.

राहिला 'पुरुषाचा स्वभाव'. केनेथ लेव्ही आणि क्रिस्टन केली यांनी 2010 मध्ये अटॅचमेंट, म्हणजे जवळच्या माणसावर विसंबण्याची लहानपणापासून घडलेली सवय, तपासली. जवळीक टाळणाऱ्यांना शरीराची फसवणूक जास्त झोंबली. नात्यात निर्धास्त असणाऱ्यांना, पुरुषांनाही, मनाची.

फोन तपासण्याबद्दल मात्र यातला एकही अभ्यास बोलत नाही. ते शेपूट मेसेजवाल्यानं जोडलंय, आणि मला राग त्याचाच आहे. सुरतेला कामाला गेलेला माणूस रात्री बायकोला व्हिडिओ कॉल लावतो, "कोठे शे? घर दखाड." ती ओटा दाखवते, निजलेली पोरं दाखवते, दाराची लावलेली कडी दाखवते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. जोडीदार सोडून जाईल या धास्तीत जगणाऱ्याला खात्री पटली तरी ती टिकत नाही. ही धास्ती बायकांतही असते. पण बाईनं नवऱ्याचा फोन तपासावा, असं हा मेसेज कधी म्हणतो का?

मत्सर वाटणं वेगळं, पाळत ठेवणं वेगळं. धास्ती आपली आहे, तर ती बोलून दाखवावी, "तू दूर जाशील असं वाटतं" एवढं तरी म्हणावं. आणि संशयावरून शिवीगाळ, मारहाण होत असेल, तर ताई, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शाब्दिक आणि मानसिक छळही धरतो. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा.