नवी बॅटरीही चार्ज होत नाही : खानापूर तालुक्यातील वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लॅपटॉपची बॅटरी चार्ज होत नसेल तर काय काय पाहावे, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया कडक आहे, आणि तिच्यातला निम्मा राग मला मान्य आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा : आपला लॅपटॉप चार वर्षांचा आहे. अडॅप्टर लावला की तो चालतो, पण ‘प्लग लावलेला आहे, चार्जिंग होत नाही’ अशा अर्थाची सूचना दिसते. माझ्या लेखात ‘बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर ती बदलावी’ असे वाचून आपण नवी बॅटरी बसवून घेतली, आणि तीही चार्ज होत नाही. दुकानदाराने मीटर लावून अडॅप्टर ठीक असल्याचे सांगितले. लॅपटॉप हल्ली फार हळू चालतो म्हणून त्याने रॅम वाढवण्याचाही सल्ला दिला. गावात संध्याकाळी व्होल्टेज १६५ पर्यंत उतरते आणि बेळगावला भावाकडे मात्र हाच लॅपटॉप चार्ज झाला होता. तेव्हा दोष गावच्या विजेचा आहे आणि ‘शहरात बसून लिहिणाऱ्यांना गावची लाईट कळत नाही’, असा आपला निष्कर्ष आहे. हल्ली बॅटरी आतच बसवलेली असते, मग ‘बॅटरी काढून पाहावी’ हा सल्ला नेमका कोणासाठी, असेही आपण विचारले आहे.

प्रथम माझी चूक. बॅटरीच्या वयाबद्दलचे ते वाक्य लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात होते, आणि ते तिथे असायला नको होते. बॅटरी ही सर्वांत महाग वस्तू आणि तपासण्याच्या क्रमातली शेवटची. ती मी आधी आणून ठेवली. शिवाय नुसत्या वयावरून बॅटरीची स्थिती ठरत नाही. लिथियम-आयन बॅटरी दिवसरात्र शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली तर दोन वर्षांतही थकते, आणि बेताने वापरली तर पाच वर्षेही बरी चालते. तो परिच्छेद मी आता बदलला आहे. ‘बॅटरी काढून पाहावी’ हे वाक्यही दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपांना लागू होते, आजच्या बहुतेकांना नाही, तेही काढले.

विजेबद्दलचा आपला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. माझे बालपण जांबोटीच्या वाटेवरच्या एका खेड्यात गेले आहे. मृगाचा पहिला पाऊस आला की तारेवर फांदी पडणार आणि दोन दिवस दिवा नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला गावच्या लाईटची बाजू घेण्याचे काही कारण नाही. तरीही या एका गुन्ह्यातून तिला सोडावे लागते. आपल्या अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट, ५०–६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल. अडॅप्टर घरातली एसी (सतत दिशा बदलणारी) वीज घेऊन आधी तिची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करतो. २३० व्होल्ट असतील तर आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होते, १६५ असतील तर सुमारे २३३. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन त्यातून हवे तेवढेच पुढे सोडतो. मागे व्होल्टेज कमी झाले तर हा स्विच दर फेरीला थोडा अधिक वेळ चालू राहतो, एवढाच फरक. म्हणून शिवारातले पंप सुरू झाल्यावर पंखा रेंगाळतो, जुन्या चोकची ट्यूब नुसती फडफडते, मिक्सर कण्हतो, पण अडॅप्टरच्या दुसऱ्या टोकाला १९.५ व्होल्ट जसेच्या तसे असतात.

याहून सोपा पुरावा आपल्याच प्रतिक्रियेत आहे. बॅटरी चार्ज करणारे सर्किट अडॅप्टरमध्ये नसते, ते लॅपटॉपच्या आत असते आणि त्याला भिंतीतली वीज कधी दिसतच नाही. त्याला फक्त अडॅप्टरकडून आलेले १९.५ व्होल्ट दिसतात. गावच्या व्होल्टेजने अडॅप्टर हतबल झाला असता तर लॅपटॉप त्याच्यावर चालला नसता आणि प्लग लावल्याची सूचनाही आली नसती. लॅपटॉप चालतो, प्लग ओळखतो, फक्त चार्ज करत नाही, याचा अर्थ वीज आत पोहोचते आहे आणि लॅपटॉप स्वतःच बॅटरीला ती देण्याचे नाकारतो आहे. तो का नाकारतो, हे शोधायचे आहे.

म्हणूनच मी आपल्याला उलट एकच प्रश्न विचारला होता की, भावाकडे गेला होतात तेव्हा अडॅप्टर कोणाचा लावला होता? आपले उत्तर आले : ‘भावाचाच. सेम कंपनीचा आहे. दिवाळीत, बॅटरी बदलायच्या आधी.’

या उत्तराने चित्र बरेच स्पष्ट होते. बेळगावला गेल्यावर वीज बदलली, तसाच अडॅप्टरही बदलला; आणि त्या दिवशी आत बसलेली बॅटरी जुनी होती. म्हणजे आपण बदलून टाकलेली बॅटरी दिवाळीत चार्ज होत होती. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, कारण ती बदलण्याचा सल्ला माझ्या लेखाचा होता.

आता अडॅप्टर ‘ठीक’ असूनही तो कसा बिघडलेला असू शकतो ते पाहू. आपण पाठवलेल्या छायाचित्रातील अडॅप्टरचे टोक गोल असून त्याच्या मध्यभागी सुईसारखी बारीक पिन आहे. अशा अडॅप्टरमध्ये वीज वाहते ती टोकाच्या बाहेरच्या आणि आतल्या नळीतून. मधली पिन वीज नेण्यासाठी नसतेच; ती ओळख सांगण्यासाठी असते. या पिनेवरून लॅपटॉप अडॅप्टरला विचारतो की तू किती वॅटचा आहेस, आणि अडॅप्टरमधली एक इवलीशी चिप ‘६५’ किंवा ‘९०’ असे उत्तर देते. हे उत्तर आले नाही तर लॅपटॉप सावध होतो : अडॅप्टर दुबळा असेल आणि आपण त्याच्याकडून काम चालवण्यासाठीही वीज घेतली आणि बॅटरीसाठीही, तर तो तापेल, कदाचित जळेल. म्हणून तो बॅटरी चार्ज करणे थांबवतो आणि प्रोसेसरचा वेगही उतरवतो. आपला लॅपटॉप ‘हळू’ झाला आहे तो बहुधा याचमुळे, त्यामुळे रॅमचा खर्च तूर्त करू नये.

दुकानदाराला मी दोष देत नाही. मीटरची एक काडी आत, एक बाहेर लावली की १९.५ दिसणारच, आणि ते दिसल्यावर कोणीही अडॅप्टर बाजूला ठेवेल. पण ओळखीच्या पिनेची तार वेगळी, फार बारीक असते, आणि टोकाजवळ जिथे वायर रोज वाकते, विशेषतः लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्यांची, तिथे ती आतल्या आत तुटते. जाड तारा शाबूत राहतात आणि वीज येत राहते. साध्या मीटरला हा दोष दिसत नाही. कधी पिनच वाकलेली असते, ते मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसते.

याची खात्री करायला काही उघडावे लागत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, अडॅप्टर लावावा, सुरू करताना एफ-२ ही कळ पुन्हा पुन्हा दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जावे (काही लॅपटॉपांत कळ वेगळी असते) आणि तिथे बॅटरीच्या किंवा अडॅप्टरच्या माहितीत काय लिहिले आहे ते वाचावे. वॅटचा आकडा दिसला तर ओळख पटते आहे. ‘अज्ञात’ अशा अर्थाचा शब्द दिसला तर पटत नाही. हेच भावाच्या अडॅप्टरने करावे. आपल्याकडच्याने ‘अज्ञात’ आणि भावाच्याने ‘६५’ आले की निकाल लागला. दोन्हींनी ‘अज्ञात’ आले तर दोष अडॅप्टरचा नसून बहुधा लॅपटॉपमधल्या ज्या भोकात आपण टोक घालतो त्या जॅकचा आहे. खानापूरच्या पश्चिमेकडच्या पावसात कपाटातले कपडेही ओलसर लागतात. तिथे जॅकच्या आत हिरवट कळंक चढलेला मी अनेकदा पाहिला आहे. पुष्कळ लॅपटॉपांत हा जॅक मुख्य बोर्डाला चिकटलेला नसतो, छोट्या वायरीने जोडलेला सुटा भाग असतो आणि बॅटरीच्या मानाने बराच स्वस्त मिळतो. एवढे केल्यावरच कोणाला लॅपटॉप उघडू द्यावा.

नवा अडॅप्टर घेण्याची वेळ आली तर तीन गोष्टी पाहाव्यात. व्होल्टचा आकडा जुन्याइतकाच हवा. वॅट जुन्याइतके किंवा अधिक चालतात, कमी चालत नाहीत, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट, हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो. आणि पाठीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. स्वस्त नकली अडॅप्टरांत ओळख सांगणारी चिप नसते किंवा ती नीट बोलत नाही, त्यामुळे नवा अडॅप्टर आणूनही जुनाच आजार परत येतो. दुकानातच लावून चार्जिंग सुरू होते का ते पाहूनच पैसे द्यावेत.

भावाच्या अडॅप्टरनेही नवी बॅटरी चार्ज झाली नाही तर काय, हा प्रश्न उरतो. तसे झाले तर मी त्या नव्या बॅटरीकडे संशयाने पाहीन. बॅटरीतही एक चिप असते. ती प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोजते आणि लॅपटॉपला कळवते. काही कंपन्यांचे लॅपटॉप परकी बॅटरी ओळखून तिला चार्ज करण्यास सरळ नकार देतात. शिवाय दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी इतकी उतरलेली असू शकते की तिची चिप सुरक्षेसाठी दार बंद करून घेते. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा असतो; तो अडीच व्होल्टच्याही बराच खाली जाऊन फार दिवस राहिला तर आतले तांबे विरघळू लागते, आणि असा सेल पुन्हा जोराने चार्ज करणे धोक्याचे असते. असे सेल बाहेरून थेट वीज देऊन ‘जागे’ करणारे काही कारागीर आहेत. त्यांच्या वाटेला कृपया जाऊ नये.

जुनी बॅटरी दुकानदाराकडून परत घेतली असेल आणि ती फुगलेली नसेल, तर ती पुन्हा बसवून पाहण्यासारखी आहे. तिच्यात किती जीव आहे हे विंडोजच सांगते : कमांडच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, एक जागा, तिरकी रेघ (/) आणि लगेच बॅटरीरिपोर्ट, असे इंग्रजी अक्षरांत टाइप केले की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर मावणारी क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ ४२,००० मिलिवॉट-तास आणि आज ३०,००० असे असेल तर बॅटरीत सत्तर टक्क्यांहून अधिक जोर शिल्लक आहे, आणि ती बदलण्याची घाई नव्हती. लेखात वयाच्या जागी मी आता हीच तपासणी घातली आहे.

आपल्या प्रतिक्रियेखाली निपाणीच्या एका शिक्षिकेने लिहिले आहे की त्यांचा लॅपटॉप ६० टक्क्यांवर अडतो. तो बिघाड नाही. बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून कंपनीच्या प्रोग्राममध्ये ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती कोणीतरी सुरू केलेली आहे. बंद केली की पुढे चार्ज होईल, पण लॅपटॉप कायम टेबलावर प्लगला असेल तर ती तशीच राहू द्यावी असे मी म्हणेन.

गावच्या विजेकडे पुन्हा येतो, कारण तिला मी पूर्ण निर्दोष सोडलेले नाही. कमी व्होल्टेजपेक्षा भीती आहे ती जास्तीची. पावसात खांबावरची न्यूट्रल तार सुटली की घरातल्या २३० व्होल्टचे ४०० पर्यंत काहीही होऊ शकते, आणि ते कोणताही अडॅप्टर सहन करत नाही. दिवे एकदम प्रखर झाले, पंखा पिसाटला, तर आधी मेन स्विच पाडावा. लाईट गेल्यावर प्लग काढून ठेवणे आणि ती आल्यावर पाच मिनिटांनी लावणे, ही आपल्या आईवडिलांची फ्रिजबाबतची सवय लॅपटॉपलाही लागू आहे. स्टॅबिलायझर मात्र लॅपटॉपसाठी घेऊ नये. जे काम अडॅप्टर आतच करतो त्यासाठी वेगळा डबा कशाला?

लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात, असे आपण जाता जाता लिहिले आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसवण्यासाठी मधे जोड लावलेला असेल, किंवा घराचे अर्थिंग सुकले असेल. अडॅप्टरमधली सूक्ष्म गळती अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवी, ती वाट न मिळाल्याने हाताला जाणवते. तुमच्याकडे तांबडी जांभ्याची जमीन. मार्च उलटला की अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो. त्यात आठवड्याला दोन कळशा पाणी ओतावे, आणि वायरमनकडून तार तुटलेली नाही ना एवढे पाहून घ्यावे.

दोन्ही अडॅप्टरांनी बायोसमध्ये कोणते शब्द आले ते जसेच्या तसे उतरवून मला कळवावे, आणि नव्या बॅटरीच्या लेबलचे छायाचित्र जोडावे. दुकानदाराची पावती जपून ठेवली असेल तर बॅटरी परत करण्याबद्दल त्याच्याशी काय बोलायचे, ते त्यावरून ठरवता येईल.