ऑटोमॅटिक गाडी गचके खातेय? मग अजिबात घाई करू नका

सगळ्यात आधी अभिनंदन. पहिल्या गिअरातून दुसऱ्यात जाताना गाडीने मागून कोणी लाथ घातल्यासारखा झटका दिला ना, म्हणजे ती आता वयात आली, आणि वयात आलेल्या पोराकडे करतो तसं तिच्याकडेही दुर्लक्ष केलं की सगळं आपोआप सरळ होतं. गाणी जरा मोठ्याने लावा. शेजारून बायको विचारेल, "अहो, हे काय झालं?" तर रस्त्याकडे बोट दाखवा. पुण्यात राहत असाल तर खड्डा होता हे सांगायला पुरावा लागत नाही. ही थाप साधारण दोन पावसाळे टिकते, स्वानुभव आहे.

मग कोणीतरी शहाणा विचारणार की गाडी एएमटी आहे का टॉर्क कन्व्हर्टर. ह्या फंदात पडायचंच नाही. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी अ‍ॅक्च्युएटर करतो, त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि गाडीतले सगळे कीर्तनाला बसल्यासारखे माना डोलावतात, २०१४ ला मारुतीची सेलेरिओ आल्यापासून आपल्याकडे घरोघरी हे कीर्तन चालू आहे, तो तिचा स्वभाव आहे, आजार नाही (गिअर पडायच्या वेळी पाय जरा सैल सोडला की बराच कमी होतो, पण आपण कशाला सोडायचा). टॉर्क कन्व्हर्टरवाली मात्र ऑईलमधून ताकद पुढे पाठवते, ती लोण्यासारखीच चालायला पाहिजे, तिने झटका दिला म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलंय. तुम्ही मात्र दोघींना एकच न्याय लावा. मेव्हण्याची एएमटी पण झटके देते ना? झालं तर मग, सगळ्या ऑटोमॅटिक अशाच असतात.

गिअरबॉक्सच्या ऑईलचं नाव तर काढूच नका. सर्व्हिस सेंटरवाला सांगतोच, "सर, लाईफटाईम ऑईल आहे, बदलायची गरज नाही." आता लाईफ कोणाची, गाडीची, वॉरंटीची का त्या पोराच्या नोकरीची, असले आगाऊ प्रश्न विचारू नयेत. झेडएफ ही जर्मन कंपनी जगभरच्या महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स बनवून देते आणि तीच म्हणते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी ऑईल बदला, पण जर्मन लोकांना काय कळतंय. ते ऑईल नुसतं वंगण नसतं, त्याच्याच प्रेशरवर आतले क्लच दाबले जातात, त्यानेच सगळं थंड राहतं, आणि ते जुनं झालं की क्लच आधी घसरतो मग एकदम पकडतो, तो तुमचा झटका. नवीन असताना बहुतेक लाल असतं, जळालं की काळपट होतं आणि करपलेल्या फोडणीसारखा वास येतो. तो वास आला की परफ्यूमची बाटली बदला.

आणि समजा बदलायचंच ठरलं, तर जे लाल दिसेल ते ओता. गाडीच्या पुस्तकात कुठलं ऑईल लिहिलंय ते बघायचं नाही, ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं की गाडीची रीसेल जाते. सीव्हीटीला (म्हणजे पायरीपायरीचे गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) वेगळं ऑईल लागतं वगैरे अफवा आहेत. खालचा बोल्ट खोलला की जुन्यातलं जेमतेम निम्मं बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्येच बसून राहतं, तरी बिल पूर्ण भरा आणि सगळ्यांना सांगा की ऑईल बदलून पण काही फरक नाही पडला.

गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर लावू देऊ नका. लावला तर कळेल की एक सोलेनॉइड (ऑईलची वाट उघडबंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) अडकतोय, नाहीतर गिअरबॉक्स ठणठणीत आहे आणि फक्त इंजिनचं माऊंटिंग, म्हणजे त्याला धरून ठेवणारं रबर, गेलंय, आणि मग एवढ्या मोठ्या दुखण्याची सगळी मजाच जाते. त्यापेक्षा बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी लावा. काही गाड्यांत कॉम्प्युटर शिकलेलं सगळं विसरतो, दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागते, मग परत ये माझ्या मागल्या. त्या दोन दिवसांत ग्रुपवर व्हिडिओ टाकून घ्या.

पार्किंगमध्ये गाडी मागे जात असतानाच डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाका, वेळ वाचतो. चढावर पी (पार्किंगचा) टाकून आधी ब्रेक सोडा, गाडी पुढेमागे डुलून खट्ट करून थांबली पाहिजे, अख्ख्या गाडीचं वजन आत करंगळीएवढ्या खुंटीवर टांगलंय ह्याचा आनंद वेगळाच, हँडब्रेक काय शोभेला दिलाय.

एवढं सगळं नीट पाळलंत तर एखाद्या मे महिन्यात साताऱ्याकडे जाताना, एसी फुल, डिकीत आंब्याच्या पेट्या, मागे सासूसासरे, खंबाटकीच्या चढाला गाडी एकाच गिअरला अडून बसेल, वर दिवा लागेल आणि मागचे ट्रकवाले तुमच्या घराण्याचा उद्धार करतील. घाबरू नका. आपल्याकडे मदतीला माणसं लगेच येतात. कोणीतरी सांगेल की उचलून नेणारी गाडी बोलवा, इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आतला ऑईल पंप फिरत नाही, उरलासुरला गिअरबॉक्स कोरडाच घासतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, बोलावलेली गाडी यायला दोन तास लागतात आणि सासरे आत्ताच घड्याळ बघायला लागलेत. शिवाय तो समोरून टेम्पोवाला दोरी घेऊन येतोच आहे. न्यूट्रल टाका आणि बांधू द्या त्याला.