७,१०० चा आकडा अर्धाच सांगितला

कापडी पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी, हे पिशव्यांवरच्या एका लेखातलं वाक्य अर्धवट आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अहवालातला हा सुती पिशवीचा आकडा पर्यावरणावरच्या परिणामांचे सगळे निकष धरून काढलाय आणि तो एवढा फुगतो ओझोन थराला होणाऱ्या हानीच्या निकषामुळे. फक्त हवामानबदल पाहिला तर त्याच अहवालात सुती पिशवी ५२ वेळा वापरली तरी पुरतं. आठवड्यातून एकदा बाजार, म्हणजे एक वर्ष! शिवाय उघड्यावर फेकलेलं प्लास्टिक नाले तुंबवतं, जनावरांच्या पोटात जातं, ते त्या हिशेबात नाहीच. माझ्या पिशवीचे बंद दोनदा उसवले, दोन्ही वेळा शिवून घेतले. मला राग येतो तो कार्यक्रमांत फुकट वाटलेल्या पिशव्यांचा. घडीसुद्धा न मोडता कपाटात पडून राहतात, त्यांच्या कापसाला घातलेलं पाणी फुकट गेलं.